गेमला जामीन राहिलेला दलाल

लोकायला वाटतंय, दलाली म्हणजे बसून खायचा धंदा. असं म्हणणाऱ्याला मी एकदा आमच्या मालकाची पाठ दाखवणार हाय. खांद्यापासून कमरेपर्यंत चाबकाचे वळ हायत, जुने, काळे पडलेले. उजव्या बरगडीखाली शिंग घुसल्याची खूण हाय, त्यात माझी दोन बोटं बसतात. नाक मोडून डाव्या अंगाला गेलंय. बसून खाणाऱ्याचं अंग असं असतंय का?

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत न्हाई, पण त्यांची गोष्ट सांगायची तर नाव सांगावंच लागंल. मडिवाळप्पा. देवणीच्या बैलबाजारातले दलाल. मी गौरम्मा, त्यांची बायको. माहेर कर्नाटकातल्या औरादचं, त्यामुळं तोंड जरा तिखट हाय. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. विकणारा आणि दलाल उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकायची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर आकडा ठरतो. मग दलाल तसाच घेणाऱ्याकडं जातो, उपरणं टाकतो, त्याची बोटं धरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव तिघायलाच ठाऊक. सौदा झाला की दलाल दोघायकडून थोडं थोडं घेतो. लोकायला एवढंच दिसतंय. पण दलालानं जबान दिलेली असते, ते कुणी ध्यानात घेत न्हाई. बैल घरी गेल्यावर मारका निघाला, जुवाखाली बसला, तर आठ दिवसाच्या आत घेणारा दलालाच्या दारात येतो. विकणाऱ्याच्या न्हाई, दलालाच्या.

माझ्या लग्नाला वरीस झालं नव्हतं तवाची गोष्ट. निलंग्याकडच्या एका शेतकऱ्याला मालकानं बैल घेऊन दिला. विकणाऱ्यानं बैलाला काहीतरी पाजून गुंगवलं होतं. घरी नेल्यावर गुंगी उतरली आणि बैलानं त्या शेतकऱ्याच्या भावाचं पोट फाडलं. माणूस वाचला, पण पोटावर धोतर दाबून धरून दवाखान्यात न्यावा लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरचे चौघं आमच्या दारात. मालकानं मला आत ढकललं, बाहेरून कडी घातली, अंगातला सदरा काढला आणि ओसरीवर उभे राहिले. मी फटीतून बघत होते. चाबूक वाजत होता आणि हे हाताची घडी घालून उभे. रक्त धोतरात उतरलं तरी तोंडातून हूं न्हाई की चूं न्हाई. मारणारे दमले तवा ह्यांनी विचारलं, "झालं का? आता चला, विकणाऱ्याकडं जाऊ." त्याच पाठीवर सदरा चढवला, त्या बेइमानाच्या गावाला गेले, त्याच्याच गोठ्यात त्याला आडवा पाडला, पुढचे दात पाडले आणि सगळा पैसा वसूल करून शेतकऱ्याच्या हातात दिला.

घरी आले तवा सदरा पाठीला चिकटला होता. कोमट पाण्यानं सोडवता सोडवता मी भांडले. "बैल दुसऱ्याचा, पाप दुसऱ्याचं, आणि मार तुम्ही का खाता?"

"दलाली मी खाल्ली ना," मालक म्हणाले. "मग मार कोण खाणार, तू?"

ह्या माणसाशी काय बोलायचं? मी पाठीला हळद लावली.

आमची एकुलती एक लेक रुद्राणी. लातूरला कम्प्युटरचं शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि वरीसभरात नोकरी सोडून घरी आली. म्हणली, "अव्वा, मला स्वतःचा गेम करायचाय. फोनात खेळायचा." मी म्हणलं, फोन डोक्यात घालीन. पण बापाची लाडकी. माडीवरच्या खोलीत कम्प्युटर मांडला आणि दार लावून घेतलं.

कशाचा गेम, तर बैलबाजाराचा. फोनात उपरणं दिसायचं, त्याखाली आपण बोट दाबून भाव सांगायचा, समोरचा त्याचा भाव सांगायचा. बैल नीट पारखला न्हाई, घाई केली, की बैल अंगावर यायचा. येऊन नुसता ढुसणी द्यायचा न्हाई, पार लोळवायचा. ज्या साली काळ्या तोंडाच्या वानेऱ्या जातीच्या बैलानं मालकाची बरगडी फोडली, त्याच साली तिनं हे काम धरलं होतं. बाप खाटेवर पट्ट्यात गुंडाळलेला, आणि ही तोंडापुढं फोन धरून म्हणायची, "अप्पा, शिंग घुसलं तवा कसं ओरडलात? तसं एकदा ओरडा." आणि हे ओरडायचे. बरगडी दुखायची म्हणून अजून खरं ओरडायचे. मी चहा घेऊन आले की बापलेक हसत असायचे. असलं येडं घर मी कुठं बघितलं न्हाई.

गेम तयार झाला तवा भाव ठरवायची वेळ आली. ती म्हणली, "दीडशे रुपये ठेवते अप्पा."

"कशावरून दीडशे?"

"बाकीच्यायचे बघून."

"बाकीच्यायचे बैल बघून आपल्या बैलाचा भाव ठरवतीस व्हय? तुझे कष्ट किती, खाणं किती, ते धर की."

"तसं धरलं तर कुणीच घेणार न्हाई. लोकायला फोनात सगळं फुकट पायजे. आणि दीडशे सगळे माझे न्हाईत. शंभरातले तीस फोनातलं दुकान घेतंय."

मालक ताडकन उठून बसले. "तीस? आम्ही शंभराला दोन घेतो तर लोक आम्हाला चोर म्हणतात." मग थोडा विचार केला. माणूस उलट्या काळजाचा न्हाई, दलालाचं दुःख दलालाला कळतंय. विचारलं, "जागा त्याची?" ती म्हणली, हाव. "गिऱ्हाईक तो आणतो, पैसा तो मोजून देतो?" हाव. "मग घेऊ दे की. त्याला बी पोरंबाळं असतील. पण माल खोटा निघाला तर गिऱ्हाइकानं दार कुणाचं वाजवायचं?"

"दार न्हाई अप्पा. फॉर्म भरायचा."

"बसतो कुठं तो दलाल? नाव काय त्याचं?"

"नाव न्हाई. कंपनी हाय."

"तीस घेतो म्हणजे लई मार खाणारा गडी असणार," मालक म्हणाले आणि परत आडवे झाले. आमच्या माणसाची चूक इथंच झाली. त्यांना खरंच वाटलं की जो तीस घेतोय तो कुठंतरी सदरा काढून उभा राहत असंल.

पुढच्या बाजाराला त्यांनी नवाच उद्योग केला. बैलाचे सौदे करता करता लोकायला गेम घ्यायला लावला. फोन हातात घ्यायचे, माणसाच्या हातावर उपरणं टाकायचे आणि त्याखाली एक अख्खं बोट आणि एक अर्धं बोट दाबायचे. दीडशे. माणूस हसायचा. "माझ्या लेकीचं हाय," मालक म्हणायचे. "घे. माझी जबान."

एकानं अडवलं, "फोनात सगळं फुकट मिळतंय, हे दीडशे कशाला?"

"फुकट बैल कुणी दिला तर तू आधी त्याचे पाय बघशील का न्हाई?" मालकानं विचारलं. "तसं फुकट गेमचं बी बघ, कुठं लंगडतोय ते."

लोक घ्यायला लागले. भोकरकडचे शेषेराव म्हणून जुने शेतकरी हायत, दर साली देवणीची जोडी न्यायला येतात, शब्दाचे लई कडक. त्यांनी सुद्धा नातवाला घ्यायला लावला आणि चष्मा लावून बाजारातल्या लिंबाच्या झाडाखाली खेळत बसले. फोनातल्या बैलानं लोळवलं की शिव्या द्यायचे. मला हे सगळं बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट खटकत बी होती. गेमला दलाली न्हाई, पैसा दुकानाच्या हातात, आणि जबान तेवढी आमच्या माणसाची. मी घरी म्हणलं, "अहो, न बघितलेल्या माणसाच्या मालाला जामीन राहू नका." तर म्हणाले, "माल माझ्या लेकीचा हाय. न बघितलेला कसा?"

बाजारात भागवत नावाचा दुसरा दलाल हाय. वयानं लहान, चुलतभावायची फौज घेऊन फिरणारा. मालकाची लिंबाखालची जागा आणि मालकाची गिऱ्हाइकं, दोन्हीवर त्याचा डोळा. तो लांबून बघत होता आणि मिशीत हसत होता.

मग व्हायचं ते झालं. दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीनं रुद्राणीचा गेम उचलला. उपरणं तेच, बैल तेच, बापाचं ओरडणं सुद्धा तेच. नाव बदललं, मधे मधे जुगाराच्या जाहिराती घातल्या आणि फुकट सोडला. आणि वर दुकानाला कळवलं की ह्या पोरीनंच आमचा गेम चोरलाय. दुकानात बघणारं माणूस न्हाई, मशीन हाय म्हणे. मशीननं रुद्राणीचा गेम काढून टाकला, खातं बंद केलं आणि तिचा जमलेला पैसा अडकवला. बरं, काढला तर काढला, पण ज्यांनी घेतला होता त्यांच्या फोनात बी तो उघडंना. गेम उघडला की आधी तो दुकानाला विचारतोय, ह्या माणसानं पैसे भरलेत का. दुकान म्हणायचं, असा गेमच आमच्याकडं न्हाई. संपलं.

पोरगी खाणंपिणं सोडून लिहीत बसली. जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा तेच उत्तर आलं, शब्दाला शब्द. फोन नंबर न्हाई, पत्ता न्हाई, माणसाचं नाव न्हाई. मालक तिच्या मागं उभे राहून विचारायचे, "आला का तो दलाल?" मला त्या दिवसात त्या न दिसणाऱ्या दुकानाचा एवढा राग यायचा की भाकरी थापताना परात फुटंल असं वाटायचं.

मग बाजारची माणसं दारात आली. पाच-सहा जण, दोन प्यायलेले, त्यात भागवतचा एक चुलतभाऊ. दीडशे रुपयासाठी कोण एवढ्या लांब येतंय? पण बाजारात चर्चा उठली होती, मडिवाळप्पाची जबान खोटी निघाली, आणि ती पेटवणारं कोण हे सांगायला नको. रुद्राणी बाहेर गेली, समजावून सांगायला लागली. त्या चुलतभावानं हातातला फोन तिच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फाटली. डोळा रक्तानं भरला. ती तिथंच पायरीवर बसली.

मालक धावले. मला वाटलं आता त्या चुलतभावाचा मुडदा पडतोय. पण त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "माल तिचा, जबान माझी. मारायचं तर इकडं मार." आणि तिच्या पुढं उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाला मारायला लाज वाटायला पायजे होती. न्हाई वाटली. ठोसा पोटात, लाथ गुडघ्यावर, पडल्यावर परत बरगडीत, त्याच बरगडीत. मी घरातलं मुसळ घेऊन आले तवा ते पांगले. एकाच्या टाळक्यात मी घातलंच. त्याची टोपी आमच्या अंगणात राहिली, ती मी चुलीत घातली.

जमिनीवर पडल्या पडल्या मालक म्हणाले, "रुद्राणी, ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांची नावं सांग. सगळ्यायचे पैसे परत देतो."

ती भुवईवर फडकं दाबून म्हणली, "अप्पा, माझ्याकडं नावं न्हाईत. कुणी घेतलं ते दुकान सांगत न्हाई."

मालकाला मार लागला नव्हता एवढं हे लागलं. "विकणाऱ्यालाच गिऱ्हाईक ठाऊक न्हाई? हा कसला बाजार हाय ग?"

पुढच्या बाजाराला आम्ही तिघं बी गेलो. मालक लिंबाखाली उभे राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, ज्यानं गेम घेतला त्यानं यावं, पैसे घेऊन जावं, पुरावा मागणार न्हाई. माझ्या हातात पिशवी. माणसं आली. न घेतलेली बी आली, त्यांच्या डोळ्यातच दिसत होतं. रुद्राणीच्या हाताला मी चिमटा काढला, गप राहा म्हणून. शेषेराव लांब बैलायपाशी उभे होते. ते आले न्हाईत.

भागवत आला. पैशाला न्हाई. त्याच्या मागं चौघं. तो सगळ्यायला ऐकू जाईल असं म्हणाला, "पैसे वाटून जबान परत येत न्हाई. बाजाराची रीत काय हाय?"

रीत सगळ्यायला ठाऊक. ज्या दलालाची जबान खोटी निघाली त्याचं उपरणं भर बाजारात ओढून काढतात. एकदा काढलं की त्या माणसाच्या उपरण्याखाली मरेपर्यंत कुणी हात घालत न्हाई. मालकाचं उभं आयुष्य त्या दीड हात कापडाखाली गेलेलं. मार खाऊन माणूस उठतोय. उपरणं गेलं की उठायला काही राहत न्हाई.

भागवतनं खांद्यावरच्या उपरण्याचं टोक धरलं आणि हिसका दिला. मालकानं दुसरं टोक उजव्या हाताला गुंडाळलं. ओढाओढी झाली. भागवतनं कपाळानं त्यांच्या मोडक्या नाकावर टोला दिला. रक्ताचा फवारा भागवतच्याच पांढऱ्या सदऱ्यावर. मालक मागं कोलमडले, पाठ बैल बांधायच्या खुंट्यावर आपटली, पण मूठ सोडली न्हाई. त्यांनी डाव्या हातानं भागवतचा गळा धरला आणि आवळला, त्याचे डोळे पांढरे होईपर्यंत. तवा चुलतभावायनी ह्यांचा उजवा हात खुंट्यावर दाबून धरला आणि एकानं काठी उचलली.

पहिली काठी बोटावर बसली त्याचा आवाज मला अजून ऐकू येतोय. वाळकी तुराटी मोडावी तसा. दुसरी बसली. तिसरी. "सोड," तो ओरडायचा, आणि मालक त्याच्याकडं बघत बी नव्हते. रुद्राणी काठीवाल्याच्या अंगावर पडली, तिनं त्याच्या मनगटाला दात लावले ते मास तुटेस्तोवर सोडले न्हाईत. मी खाली पडलेली बैलाची साखळी उचलली आणि भागवतच्या कानावर फिरवली. त्याचा कान अर्धा लोंबला. सांगायला मला शरम न्हाई. परत तशी वेळ आली तर पुरता काढीन.

बाजार समितीची माणसं धावली, पोलीस आले, सगळ्यायला अलग केलं. दोन्हीकडून तक्रारी झाल्या आणि दोन्हीकडून मिटवल्या. पण उपरणं मालकाच्या हातातच होतं. रक्तानं लाल झालेलं, त्यात बोटं अशी वाकडी की कापड सोडवायला उदगीरच्या हाडाच्या डॉक्टरला कात्री लावावी लागली. डॉक्टरनं सळ्या घातल्या. म्हणाला, अंगठ्याजवळची दोन बोटं सरळ व्हायची न्हाईत.

मालक दवाखान्यातून आले त्याच आठवड्यात दुकानाचं उत्तर आलं. तुमची तक्रार तपासली, गेम परत चालू केलाय, गैरसोयीबद्दल खेद वाटतो. खाली सही न्हाई. नकली गेम काढला. अडकलेला पैसा बी सोडला.

"त्यातले तीस कापले?" मालकानं विचारलं.

"हाव अप्पा."

"आणि मार कुणी खाल्ला?"

रुद्राणी हमसून हमसून रडायला लागली. मालकानं पट्टीतला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "रडू नको. जागेचं भाडं घेतलं त्यानं, घेऊ दे. पण त्याला दलाली म्हणू नको."

त्या पोरीनं मग काय केलं सांगू? गेम उघडला की पहिल्या पानावर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, गेम बंद पडला तर मला येऊन भेटा, आणि खाली आमच्या घराचा पत्ता, गल्लीसकट. मी कपाळावर हात मारून घेतला. मार खायची जागा लिहून दिली म्हणलं. ती म्हणली, "दुकानाला दार न्हाई तर आपलं तरी असू दे अव्वा. आणि भाव दीडशेच ठेवलाय. एक रुपया बी कमी करणार न्हाई." बापाचं रक्त, दुसरं काय.

पण मालकाचं चित्त गेममधे नव्हतं. खाटेवर बसून ते वाकड्या बोटायकडं बघत राहायचे. जेवताना एकदा म्हणाले, "गौरे, उपरणं राहिलं खरं. पण त्याखाली हात कोण घालंल?" मी म्हणलं, घालतील की. मला ठाऊक होतं मी खोटं बोलत होते. बाजारातून बातम्या येत होत्या. लिंबाखाली आता भागवत उभा राहतोय, कानाला पट्टी बांधून.

सळ्या निघायच्या आतच ते बाजारला निघाले. डॉक्टर न्हाई म्हणला, मी न्हाई म्हणलं, पोरगी पाया पडली. ऐकतील ते मालक कसले? आम्ही दोघी सोबत गेलो. मी पिशवीत मुसळ घेतलं होतं, कुणाला सांगितलं न्हाई.

लिंबाखालची जागा गेलेली, म्हणून ते पाण्याच्या हौदापाशी उभे राहिले. नवं उपरणं खांद्यावर. उन्हं चढली. माणसं जवळून जायची, शरणार्थ म्हणून हात जोडायची, आणि नजर खाली घालून पुढं जायची. कुणी वाईट बोललं न्हाई. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं. भागवत लांबून मोठ्यानं सौदे करत होता. मालक ताठ उभे, पण गळ्याजवळची शीर उडत होती, मला दिसत होती. मी मनात म्हणलं, देवा, एक माणूस. फक्त एक माणूस पाठव.

शेषेराव आले. मागं त्यांचा गडी एका बैलवाल्याला आणि त्याच्या पांढऱ्या जोडीला घेऊन. शेषेरावांनी कुणाला काही विचारलं न्हाई. भागवतच्या अंगावरून पुढं आले, हौदापाशी थांबले आणि उजवा हात पुढं केला.

मालकानं उपरणं टाकलं. त्याखाली त्यांचा सळ्या घातलेला हात गेला आणि शेषेरावांचा नांगर धरून राठ झालेला पंजा गेला. भाव सांगायचा म्हणजे बोट धरायचं, दाबायचं. शेषेरावांनी धरलं. मालकाच्या तोंडावरचा रंग उतरला, ओठ पांढरे पडले. मी पुढं झाले. म्हणलं, तोंडानं आकडा सांगितला तर ह्या म्हाताऱ्याची जीभ झडंल का? रुद्राणीनं मला मागं ओढलं. "तोंडानं सांगितलं तर अप्पाचा हात गेला असं सगळ्यायला कळंल," ती म्हणली. तिच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं.

शेषेरावांनी परत दाबलं. मालकानं मान हलवली, न्हाई, आणि आपल्या वाकड्या बोटानं त्यांचं बोट धरून आपला आकडा सांगितला. पट्टीवर रक्त फुटलं असणार, उपरण्यावर डाग उमटून पसरत होता. सगळा बाजार तो डाग बघत होता. भागवत बी बघत होता. मालक बैलवाल्याकडं वळले, त्याच्या बोटायवर उपरणं टाकलं, परत शेषेरावाकडं आले. घासाघीस झाली, खरीखुरी, एकेका बोटाची. शेषेरावांनी एकदा सुद्धा हात सैल सोडला न्हाई. गिऱ्हाइकानं सौद्यात जेवढा जोर लावायचा तेवढा लावला.

उपरणं बाजूला झालं. शेषेराव सगळ्यायला ऐकू जाईल असं म्हणाले, "दलाल, जोडी माझी झाली. आठ दिवसात बैल वाकडा निघाला तर चाबूक घेऊन तुमच्या दारात येतो."

"या," मालक म्हणाले. मग माझ्याकडं वळले आणि एकट्या मला ऐकू येईल एवढंच म्हणाले, "गौरे, धर मला." मी धरलं.